गोदाक्काचा पाना आणि टोकेकरसाहेबांची कसोटी

एका जंगलात, बाळांनो, एक हातपंप होता. तो कुणी बसवला ते विचारू नका. गोष्टीतला हातपंप आधीपासूनच असतो. आणि मागच्या रांगेतली चुळबुळ थांबू दे, नाहीतर मी निघालो घरी.

तर या पंपाला एक खोड होती. दांड्याचा मोठा नट सारखा ढिला पडायचा. दर बाजाराच्या दिवशी तो आवळावा लागे. नाही आवळला, तर दांडा नुसता खडखडायचा आणि पाण्याचा थेंब यायचा नाही. उन्हाळ्यात नदी आटली की सगळं जंगल त्या एका पंपावर जगायचं.

नट आवळायचं काम गोदाक्काकडे होतं. गोदाक्का म्हणजे अस्वल. जांभळीखाली तिचं गॅरेज होतं. गॅरेज कसलं, बसायला एक ओंडका आणि हत्यारांची एक लाकडी पेटी. त्या पेटीत तिच्या आईचा पाना होता. काळाकुट्ट, ओबडधोबड, मुठीपाशी जरासा वाकलेला. त्यावर ना कंपनीचं नाव, ना छाप. पण नटावर बसला की जागचा हलायचा नाही. "हं, धर रे बाबा," असं म्हणून गोदाक्का जोर लावायची, आणि काम फत्ते.

बाकीच्या जंगलात हत्यार पारखायची ज्याची त्याची रीत होती. मोर पाना हातात घेऊन त्यात आपलं तोंड दिसतं का ते बघायचा. गाढव उचलून बघायचं. जड लागला की म्हणायचं, "वा, मजबूत आहे!" वानर डब्यावरचं चित्र बघून पसंत करायचं, आतला पाना बघायचंच नाही. तरस चावून बघायचं. त्यातल्या त्यात तरसाची रीत बरी, पण बिचाऱ्याला पुढचे दात उरले नव्हते.

अशा या अडाणी जंगलात एक साळिंदर शहरातून शिकून परत आलं. आल्या आल्या त्यानं सांगितलं, "मला टोकेकरसाहेब म्हणा." सगळे म्हणाले.

साहेबांनी सभा भरवली. "पाना किती जोर सोसतो, हे कधी कळतं?" त्यांनी विचारलं.



"मोडतो तेव्हा!" साहेबांनीच उत्तर दिलं. "तोपर्यंत नुसता अंदाज. मोडल्याशिवाय खात्री नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बोलणं इतकं बरोबर वाटत होतं, की त्यातली चूक कुणाला सापडेना.

मग साहेबांनी खडकात एक बोल्ट पक्का पुरला. त्यावर पाना चढवायचा आणि पान्याच्या टोकावर गवा बसवायचा. नाही मोडला, तर दुसरा गवा. कड्कन मोडला, की टाळ्या! मग मालकाला सागाचं फळकूट मिळायचं. त्यावर कोरलेलं असे, 'दुसरा वर्ग', 'तिसरा वर्ग'. ते घेऊन मंडळी वाजतगाजत घरी जायची आणि दाराला टांगून त्याला झेंडूची माळ घालायची. मोडके तुकडे खडकाखाली पडून राहायचे. त्यांची कोण चौकशी करतो? वर्ग तर मिळाला होता!

बघता बघता जंगलातल्या सगळ्या पान्यांची परीक्षा झाली.

राहिला गोदाक्काचा. एकदा सायकल दुरुस्तीला घेऊन आलेलं वानर ओंडक्याला टेकून म्हणालं, "आक्का, तुमच्या पान्याचा वर्ग कुठला हो?"

 ते गोदाक्काच्या मनाला फार लागलं. तिनं पाना चिंचेनं घासला, तेल लावलं, फडक्यात गुंडाळला आणि खडकापाशी जाऊन उभी राहिली.

टोकेकरसाहेबांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "नाव नाही, छाप नाही. छे छे. मोडून घ्यायलाही लायकी लागते, आक्का."

सगळे फिदीफिदी हसले. गोदाक्का जांभळीखाली परतली, पाना पेटीत टाकला आणि हमसून हमसून रडली. "जळलं मेलं ते काम," ती म्हणाली. "यापुढं मी नट आवळणार नाही."

बाजाराचा दिवस आला. नट ढिला पडला. पंप खडखडला आणि कोरडा झाला. जो तो दुसऱ्याच्या दारात धावला. दारोदारी फळकुटं होती, पाना एकाही घरात नव्हता.

शेवटी चंपावती हरिणी जांभळीखाली आली. तिचं पाडस नुकतं कुठं उभं राहायला शिकलं होतं. "आक्का," ती म्हणाली, "पिल्लू ओलं समजून दगड चाटतंय गं."

झालं, गोदाक्काचा राग गेला. अस्वलांचा राग तसा फार टिकत नाही. ती पाना घेऊन धावली. "हं, धर रे बाबा!" एक झटका, दुसरा झटका, आणि भळ्ळकन पाणी आलं! पाडस प्यायलं, चंपावती प्यायली, मोर, गाढव, सगळे प्यायले. सगळ्यांत जास्त टोकेकरसाहेब प्यायले.

तोंड पुसून ते म्हणाले, "आक्का, माझं चुकलं. असल्या पान्याला वर्ग नसावा, ही जंगलाला लाज आहे. आजच कसोटी घेऊ!"

"नको गं आक्का," चंपावती म्हणाली. "पुन्हा पंपाला लागेल."

गोदाक्कानं पान्याकडे पाहिलं. मग दाराला टांगलेली फळकुटं तिच्या डोळ्यांपुढं आली, झेंडूच्या माळांसकट. "एकदाच बसवू दे गं," ती म्हणाली. "माझ्या आईचं नाव होईल."

गवा बसला. पाना हलला नाही. त्याच्यावर दुसरा गवा बसला. पाना हलला नाही. हत्ती बोलावला. हत्ती अंग चोरून बसला, मग सैल सोडून बसला. पाना तसाच. गोदाक्काच्या डोळ्यांतून आनंदानं घळाघळा पाणी वाहायला लागलं.

टोकेकरसाहेबांनी मात्र मान हलवली. "अवघड आहे. मोडतच नाही."

"मग चांगलंच आहे ना?" चंपावती म्हणाली.

"चांगलं कसं? निकाल लागत नाही! मोडल्याशिवाय वर्ग देणार कुठून? या पान्याला नापास म्हणावं लागेल."

नापास! आईचा पाना!  गोदाक्का दोन पावलं मागं सरली, पदर खोचला, धावत आली आणि हत्तीच्या पाठीवर धाडकन उडी घेतली.

कड्कन आवाज झाला.

"विशेष प्रावीण्यासह पहिला वर्ग!" साहेब ओरडले. असा निकाल त्या जंगलात कधी लागला नव्हता. ढोल वाजले. गोदाक्काची मिरवणूक निघाली. फळकूट इतकं मोठं होतं, की तिच्या गुहेचं अर्धं दार त्यानं झाकलं.

पुढचा बाजाराचा दिवस आला. नट ढिला पडला.

गोदाक्का सवयीनं पंपापाशी गेली. सवयीनं तिनं कमरेला हात घातला. तिथं काही नव्हतं. मग ती घरी जाऊन फळकूट घेऊन आली आणि नटासमोर धरून उभी राहिली.

"आक्का, आवळ ना," पाडस म्हणालं. एव्हाना ते बोलायला लागलं होतं.

गोदाक्कानं फळकूट आणखी वर धरलं. टोकेकरसाहेबांनी पुढं होऊन फळकुटावर थाप मारली. "अभिमान बाळगा! इतका भरवशाचा पाना या जंगलात दुसरा नाही!"

आणि खरंच नव्हता.

मग सगळं जंगल पाण्यासाठी डोंगरापलीकडच्या तळ्याकडे चालू लागलं. सगळ्यांच्या पुढं गोदाक्का होती. डोक्यावर फळकूट होतं, आणि काखेत, कुणाला दिसू नये असा, पान्याचा वाकडा तुकडा.

तात्पर्य : बाळांनो, घरात एखादी चांगली वस्तू असेल, तर ती मोडेपर्यंत तपासून घ्यावी. पाणी काय, पाऊस पडला की मिळतंच. पहिला वर्ग काही दरवर्षी मिळत नसतो.