उजव्या दांड्याची हकीकत

श्रीविघ्नहर्ता साक्ष. शके एकोणीसशे अडतीस, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, प्रथम प्रहरी एका आकाशदौलतीत जे वर्तले, ते ऐकिले तैसे लिहिले असे.

दौलतीचे एक विमान एकशे साठ रयत घेऊन ढगांवर चढले. मुख्य वैमानिक त्र्यंबकराव शेजवळ, वीस वर्षांचे मुरलेले. शेजारी दुय्यम इरावती पाध्ये, चाकरीस तिसरा महिना. तों डावीकडे धडाका जाहला आणि विमान डावीकडे कलले आणि एक तांबडी बत्ती लागली आणि सहा पिवळ्या लागल्या आणि घंटा वाजो लागली आणि तिजवर भोंगा. मग कोणती वर्दी मूळ आणि कोणती तिची पिलावळ, हे कळेना.

त्र्यंबकराव गर्जले, "तो भोंगा आधी बंद कर! विमान मी धरितो, तू पोथी वाच."

"कोणते पान, सर? बत्त्या सात आहेत."

"मूळ शोध. बाकीची पोरे मागून येतील."

मग इरावतीने भोंगा गप्प केला आणि काटे पाहिले, तों डाव्या इंजिनाचा काटा तळाशी बसलेला. तिने संकटाच्या पोथीत इंजिनाचे पान काढिले आणि कलम वाचले: बिघडल्या इंजिनाचा दांडा मागे ओढून ते बंद करणे, ओढण्याआधी एकाने हात ठेवावा, दुसऱ्याने पाहून 'होय' म्हणावे.

त्र्यंबकराव विमान सरळ राखण्यास उजव्या पायाने सुकाणूस नेट देत होते. तोच उजवेपणा हातात उतरला आणि हात उजव्या दांड्यावर गेला.

इरावतीचे मनी आले, हे उडत होते तेव्हा आपण पाळण्यात. यांचे कैसे चुकेल? काटा आपणच उलटा वाचला असेल. तिने पुन्हा पाहिला. काटा तेथेच. पोथीत 'होय' म्हणावयाचे लिहिले होते, 'नाही' कोठेच लिहिले नव्हते.

"म्हण की होय! मुहूर्त पाहतेस काय?"

"नाही, सर."

"काय नाही?"

"हात, सर. ते इंजिन जिवंत आहे. मेले ते डावे."

त्र्यंबकरावांनी आपला हात परक्याचा असावा तैसा पाहिला, आणि उचलून डाव्या दांड्यावर ठेविला. "आता?"

"होय."

मग दांडा मागे आला, आणि उरल्या बत्त्यांची पाने एकेक करून वाचली, आणि एका इंजिनावर विमान भुईस लागले. उतरताना एका गृहस्थांनी चहा मिळाला नाही अशी तक्रार गुदरली. रयत गेल्यावर त्र्यंबकरावांनी पोथी मागितली, त्या कलमात 'होय' या शब्दापुढे पेन्सिलीने 'अथवा नाही' इतके लिहिले, आणि पोथी इरावतीचे हाती दिली.

येणेप्रमाणे बत्त्या सात, खोट एक, रयत एकशे साठ सुखरूप. चहा राहिला.