शाईच्या डागांचे सर्जेरावनाना

आम्ही बदली होऊन पलूसजवळच्या या गावात आलो, त्या दिवशी ट्रकमधून कपाट उतरत होतं आणि शेजारच्या फाटकातून एक ताठ कण्याचे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ हातात जाड कागद घेऊन आले. राम राम नाही, कुठून आलात नाही. कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, "काय दिसतंय?"

कागदावर शाईचा एक मोठा डाग होता. घडी घालून दाबल्यासारखा, दोन्हीकडे सारखा.

"बराबर-चूक काय न्हाई. दिसतंय ते सांगा."

मी म्हणाले, "गॅसचा सिलिंडर."

त्यांनी मान डोलावली आणि आपल्या घराकडे वळून बायकोला हाक दिली, "हौसा, बाईंचा गॅस लागायचा हाय अजून. चार भाकरी जादा टाक." अर्ध्या तासात झुणका-भाकरी आली. हे आमचे शेजारी, सर्जेरावनाना.

नाना फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. शेवटची काही वर्षं त्यांची नेमणूक अफसर निवडायच्या केंद्रात होती. तिथं मानसशास्त्राचे साहेब उमेदवारांना धूसर चित्रं दाखवायचे, त्यावर गोष्टी लिहून घ्यायचे, आणि नाना कागद वाटायचे, खुर्च्या लावायचे. जाताना एका मेजरसाहेबांनी त्यांना मानसशास्त्राच्या इतिहासाचं एक जाडजूड हिंदी पुस्तक भेट दिलं. गावी येऊन लोक ऊस लावतात. नानांनी ऊस भावाकडे सोपवला आणि पुस्तक उघडलं.

पुस्तकातल्या विद्वानांची नावं त्यांच्या जिभेला वळायची नाहीत, म्हणून त्यांनी सगळ्यांचं नव्यानं बारसं केलं होतं. घंटी वाजवून कुत्र्याच्या तोंडाला पाणी आणणारा तो 'रशियाचा कुत्रेवाला'. स्वप्नांचा अर्थ लावणारा तो 'व्हिएन्नाचा दाढीवाला'. डागांची युक्ती काढणारा 'स्वित्झर्लंडचा शाईवाला'. बोलायचे असे, की वाटावं हे सगळे त्यांच्याच पलटणीतून पेन्शनीत आलेत. "दाढीवाला लय हुशार, पण समद्याचं खापर आईबापावर फोडायचा. त्यापरीस कुत्रेवाला बरा. काम दाखवायचा, बडबड न्हाई."

कुत्रेवाल्यावर त्यांचा फार जीव. त्याचा प्रयोग त्यांनी म्हशीवर केला. रोज पेंड ठेवायच्या आधी पितळी घंटा वाजवायची. महिन्याभरात घंटा ऐकली की म्हैस पान्हा सोडायला लागली. नाना हरखले. पण मी शिकवते ती शाळा त्यांच्या गोठ्याला लागून आहे, आणि शाळेत दर तासाला घंटा होते. म्हैस दिवसभर उभी राहून हंबरायला लागली. मी भूगोल शिकवायला लागले की मुलं खिडकीकडं बघून हसायची. धार काढणाऱ्या हौसाकाकी वैतागल्या. माझ्याजवळ म्हणाल्या, "त्या रशियावाल्याला म्हणावं, आता तूच ये बादली घिऊन."

एकदा त्यांनी माझ्या नवऱ्यापुढे कंदी पेढा ठेवला. "मी येईपतूर खायाचा न्हाई. मग दुसरा मिळंल." आणि डेअरीवर गेले. तिथं सोसायटीच्या निवडणुकीचा विषय निघाला आणि नाना पेढा विसरले. परत आले तेव्हा पेढ्यावर मुंग्या चढल्या होत्या आणि आमचे हे समोर हाताची घडी घालून बसले होते. नानांनी त्यांची पाठ थोपटली. "तुमचं भविष्य उज्ज्वल हाय."

मोह आवरतो का ते बघायची पुस्तकातली ही चाचणी चार वर्षांच्या पोरांसाठी असते. ह्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

गेल्या दिवाळीनंतर हौसाकाकींना झटका आला. मिरजेला नेलं, जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला: दळण. भेटायला येणाऱ्या बायका विचारायच्या, "काकी, वळखलं का?" काकी डोळ्यांत पाणी आणून सांगायच्या, "दळण." बायका तोंडाला पदर लावून बाहेर पडायच्या.

नानांनी डागांचे कागद माळ्यावर टाकले. आता ते दिवसभर काकींच्या खाटेजवळ. थोड्या दिवसांत त्यांना दळणातले फरक कळायला लागले. "हे पान्याचं दळण," ते तांब्या उचलत सांगायचे. "आन हे माझ्यावर चिडल्यालं."

एका संध्याकाळी मी डबा द्यायला गेले, तर ते उंबऱ्यावर बसले होते.

"बाई, फ्रान्सात एक डाक्टर हुता," ते म्हणाले. "त्याच्याकडं एक पेशंट. काय बी इचारा, 'टॅं टॅं' म्हनायचा. समजायचं समदं, पर शब्द त्योच. त्यो मेल्यावर डाक्टरनं मेंदू बघितला, आन माणूस बोलतो कुठनं ते जगाला कळलं. लय मोठा शोध. मी कितींदा वाचलाय."

मी डबा खाली ठेवला.

"पर त्याच्या घरी कोन हुतं, ते पुस्तकात न्हाई," नाना म्हणाले. "त्याच्यासंगं कोन जेवायला बसायचं, कोन त्याच्याशी बोलायचं. मी बी कवा इचार केला न्हवता."

सांगलीला वाचा-उपचार करणारी एक तरुण मुलगी होती. तिच्याकडे नाना काकींना दर आठवड्याला न्यायचे. ती म्हणाली, "आजोबा, सरळ बोलणं अडतं, पण ठेक्यातलं, पाठ असलेलं कधी कधी बाहेर येतं. गाणं म्हणून घ्या त्यांच्याकडून." नानांचा आणि गाण्याचा संबंध नव्हता. ठेका एकच येत होता, परेडचा. त्या चालीवर त्यांनी आरती सुरू केली. काकी हसल्या, तोंड वाकडं होईस्तोवर हसल्या, पण शब्द आला नाही. नाना रोज खाटेच्या कडेवर बोटांनी ठेका धरत राहिले.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले. काकींना कुंकू लावलं आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "काकी, नाव घ्या."

बोलून बसले आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाटेच्या कडेवर ठेका धरलेली नानांची बोटं थांबली नव्हती. काकींनी माझ्याकडं पाहिलं. ओठ हलले.

"कृष्णे... काठच्या मळ्यात," त्या म्हणाल्या. शब्द जाड होता, पण शब्द होता. "वांगी लागली दाट..."

नानांची बोटं खाटेवर पडत राहिली. त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. काकींनी आयुष्यभर त्यांना 'आवं' म्हणूनच हाक मारली. नाव घ्यायचं ते बायकांत, हळदीकुंकवाला, आणि त्या काळी नाना सरहद्दीवर. हा उखाणा त्यांनी कधीच ऐकला नव्हता.

"सर्जेराव येतील सुट्टीला," काकी एकेक शब्द उचलून ठेवत म्हणाल्या, "बघते... त्यांची वाट."

नानांनी ठेका थांबवला. काकींचा निर्जीव उजवा हात दोन्ही हातांत घेतला.

"आलोय की गं," ते म्हणाले.