हिरव्या टॅगचा उमेदवार

महापालिकेच्या निवडणुकीच्या तोंडावर पिंपळे गुरवच्या ‘रम्यपुष्प’ सोसायटीत विश्वासार्ह राजकीय बातमीचा तुटवडा निर्माण झाला. बातम्यांचा तुटवडा नव्हता. व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच उमेदवार चहाआधी तुरुंगात होता, चहानंतर दुसऱ्या पक्षात होता आणि आंघोळीच्या सुमारास खालच्या पार्किंगमध्ये हात जोडून उभा होता.

याची गंभीर दखल उद्धवरावांनी घेतली. ते चाकणच्या एका कंपनीत ब्रेकचे सुटे भाग तपासत. पास मालाला हिरवा टॅग, नापासाला लाल, हा त्यांचा धर्म. तपासल्याशिवाय माल लाइनवर जात नाही, मग तपासल्याशिवाय बातमी डोक्यात का जावी? प्रश्न बिनतोड होता. शिक्षा म्हणून सोसायटीने त्यांना मानद बातमी-निरीक्षक नेमले. प्रत्येक बातमी आधी त्यांच्याकडे यावी, त्यांनी तिचे मूळ शोधावे आणि मगच हिरवा चौकोन लावून ती ग्रुपवर सोडावी, असा ठराव झाला. ‘स्वतःचा माल कोणी स्वतः पास करायचा नाही,’ हे कलम खुद्द उद्धवरावांनी आग्रहाने घातले.

पहिल्या आठवड्यात एकही बातमी पास झाली नाही. लोक कासावीस झाले.

“उद्धवराव, जेवान पचंना झालंय बगा,” तळमजल्यावरचे कोंडाजी म्हणाले. ते मूळचे गावकरी. सोसायटी त्यांच्याच वावरात उभी होती. “खरी न्हाई तर न्हाई, पर ताजी तरी सोडा की राव!”

मागणी वाढली की कारखाना जे करतो, तेच उद्धवरावांनी केले. त्यांनी नमुना-तपासणी सुरू केली. पन्नास बातम्यांचा एक लॉट. सगळ्यात वरची बातमी तपासायची, ती खरी निघाली की अख्खा लॉट पास. सभासदांनी ही पद्धत फार चटकन आत्मसात केली. प्रत्येक लॉटच्या डोक्यावर ‘आज गुरुवार आहे’ अशी एखादी बातमी येऊ लागली. हिरव्या चौकोनाची कीर्ती निगडीपासून राजगुरुनगरपर्यंत पसरली.

अशात एके दिवशी कंपनीचे एचआर अधिकारी दिग्विजय यांनी उद्धवरावांना बोलावले.

“अभिनंदन, उद्धवराव. आणि ही नोटीस.”

“कशाची, साहेब?”

“तुम्ही निवडणुकीला उभे आहात. परवानगीशिवाय राजकारण केलं की नोकरी जाते, माहीत आहे ना?”

“कोण म्हणतं मी उभा आहे?”

दिग्विजयांनी मोबाइल पुढे केला. ‘अभ्यासू, निष्कलंक उद्धवराव आपल्या प्रभागातून मैदानात!’ खाली हिरवा चौकोन. त्यांचाच. त्या लॉटची वरची बातमी ‘उद्या पाणी कमी दाबाने येईल’ अशी होती, आणि ती तंतोतंत खरी ठरली होती.

“साहेब, हे साफ खोटं आहे!”

“मग तसा खुलासा हिरव्या टॅगसह पाठवा. बिनटॅगच्या खुलाशावर विश्वास ठेवला, तर लोक म्हणतील, एचआर अफवांवर चालतं.”

खुलासा हा उद्धवरावांचा स्वतःचा माल होता. तो त्यांना पास करता येईना. सोसायटीने तेवढ्यापुरते कोंडाजींना निरीक्षक नेमले.

“माल परत बोलवायला गिऱ्हाइकाची तक्रार लागती, आसं तुमीच शिकिवलं,” कोंडाजी म्हणाले. “हितं समदे खूश हायती. चौकात बॅनर बी लागलाय. फोटूत तुमी लई तरणे दिसताय, राव.”

“नोकरी गेली तर काय, लातूरला परत जायचं?” घरी त्यांच्या पत्नी रुपालीताईंनी विचारले.

शेवटी उमेदवारांची अंतिम यादी लागली. तिच्यात उद्धवराव नव्हते! आयुष्यात कुठल्या यादीत नाव नसल्याचा इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता. ते धावतच दिग्विजयांकडे गेले. साहेब आधीच उठून उभे होते.

“बसा, उद्धवराव. नोटीस मागे घेतली. पण तुमच्यावर फार अन्याय झाला हो.”

मोबाइलवर नवी बातमी झळकत होती: ‘षड्‌यंत्र! उद्धवरावांचे नाव यादीतून गायब!’

साहेबांच्या केबिनमधला कपबशीतला चहा त्यांना प्रथमच मिळाला. संध्याकाळी सोसायटीच्या फाटकावर ओवाळणी झाली, शाल आली, कोंडाजींना हुंदका आवरेना. मात्र उद्धवराव डळमळणारे नव्हते. घरी पोचताच, ‘मी अर्जच भरला नव्हता,’ असे त्यांनी टाइप केले. पाठवण्यापूर्वी, निरीक्षकाच्या शिस्तीने, ती नवी बातमी त्यांनी शेवटपर्यंत वाचली. ‘कारखान्यात आयुष्यभर घाम गाळणाऱ्या सच्च्या माणसाला प्रस्थापित घाबरले…’

त्यांचा अंगठा थांबला. त्यांनी पुन्हा वाचले. इतक्या दिवसांत इतकी मनाला पटणारी बातमी त्यांच्या टेबलावर आली नव्हती.

“अहो, पण तुम्ही अर्ज भरला होता का?” रुपालीताईंनी विचारले.

“तो तांत्रिक मुद्दा झाला,” उद्धवराव डोळे पुसत म्हणाले, आणि त्यांनी हिरवा चौकोन लावला.

त्यानंतर त्या ग्रुपवर एकही बातमी नापास झालेली नाही. हे वाचताना ज्यांना स्वतःऐवजी आपल्या ओळखीतला दुसराच कोणीतरी आठवला, त्यांचाही लॉट पास झाला, असे समजावे.