शिरवळला उतरवलेलं गाणं

प्रबुद्धची कॅसेट खपली नाही, याचं अख्ख्या मलकापुरात फक्त प्रबुद्धलाच आश्चर्य वाटलं. रेडिओ-टेप दुरुस्त करणारा हा पोरगा, पण सदा तंद्रीत. गिऱ्हाईक समोर उभं आणि याचे ओठ आपले हलतायत. पंच्याण्णव साल होतं. टीव्हीवर लोक भरभर बोलून गाणी म्हणायला लागले होते आणि या बहाद्दरानं ठरवलं, मराठी रॅप आपणच करायचा. सांगलीच्या एका स्टुडिओत, जिथं एरवी भजनं आणि भीमगीतं व्हायची, त्यानं आठ गाणी म्हटली. स्टुडिओवाल्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बरं, गानं कवा सुरू करताय?"

त्यातलं एक गाणं मात्र काळजातनं आलं होतं. पुण्याहून येताना एसटीत कंडक्टरच्या तिकीट टोचायच्या चिमट्याची टिक-टिक ऐकून प्रबुद्धला शब्द सुचले. तो मोठ्यानं म्हणायला लागला, आणि कंडक्टरनं बेल मारून त्याला शिरवळला खाली उतरवलं. फाट्यावर धूळ खात उभ्या उभ्या गाणं पुरं झालं:

"मागं सरका, मागं सरका, मागं लय जागा,
अवो कंडक्टर मास्तर, वाईच हसून बगा!
टिक टिक चिमटा, बेल मारली दोन,
शिरवळला उतरिवला त्यो गडी कोन?"

पुढं साताऱ्याचं एक स्थळ आलं. खांद्यावर रुळणारे केस कापून, चष्मा लावून प्रबुद्ध मुलगी बघायला गेला. मायानं पोहे आणले, एकदाच वर बघितलं, आणि आमचा गडी जो विरघळला तो विरघळलाच. एवढ्यात आतून मुलीचे वडील आले. दादासो. तोच कंडक्टर! प्रबुद्धच्या हातातली बशी वाजायला लागली.

दादासोंनी काही त्याला ओळखलं नाही. पण उद्या ते गाणं त्यांच्या कानावर गेलं तर? मायाचं स्वप्नसुद्धा बघता येणार नाही! प्रबुद्धनं दुकानातलं कॅसेटींचं खोकं उचललं आणि नष्ट करायला थेट माण तालुक्यात, आयटीआयच्या दोस्ताकडं, सिद्धूकडं नेलं. सिद्धूची मेंढरं होती आणि थोडा शाळूही, म्हणजे रब्बीची ज्वारी.

"समदं नासतूस?" सिद्धूनं विचारलं. "येवढी हौस केली, आन आता?"

"सिद्धू, माझ्या संसाराचा प्रश्न हाय गड्या."

"मग नासायचं कशाला? शाळवावर पाखरं लय बसत्यात."

सिद्धूनं कॅसेटी फोडल्या आणि आतल्या फिती रानात रोवलेल्या या मेढीवरून त्या मेढीवर, साऱ्या रानावर ताणल्या. वारा सुटला की चकाकणाऱ्या फिती थरथरायच्या, सगळं रान गुणगुणायचं. आपलीच गाणी, पण शब्द उडून गेलेली. प्रबुद्ध बांधावर कितीतरी वेळ डोळे मिटून पडून राहिला. त्याला वाटलं, सुटलो.

कसला सुटतोय! सिद्धूनं एक बिननावाची कॅसेट, केवळ दया म्हणून, वडापची, म्हणजे खासगी प्रवासी जीप चालवणाऱ्या केरबाला दिली होती. बिचाऱ्याकडं एकच कॅसेट होती आणि तीही घासलेली. केरबानं दहिवडी ते सातारा कंडक्टरचं ते एकच गाणं सकाळ-संध्याकाळ वाजवलं. जीपमधली माणसं एसटीत बसली. दादासो सवयीनं ओरडले, "मागं सरका!" आणि सगळी गाडी एका सुरात म्हणाली, "मागं लय जागा!"

चार दिवसांनी दादासो प्रबुद्धच्या दुकानात हजर.

"पाव्हणं, तुमी कॅसेटीतलं जाणकार. माज्यासंगं चला. त्यो गानारा हुडकायचाय."

"कशाला, मामा?"

"तंगडं मोडाय! यकतर माज्या गाडीत वरडायचं, त्यात आनि..." खिशातला चिमटा काढून दादासो काउंटरवर टिक-टिक वाजवत बसले.

अशा रीतीनं प्रबुद्ध स्वतःलाच शोधायला निघाला. मायाही बरोबर होती. म्हणाली, "मला बी गानारा बगायचाय." केरबानं दादासोंना सिद्धूचं नाव सांगितलं होतं, त्यामुळं वरात सरळ शाळवात पोचली. दुपार कलली होती. फिती मंद सुरात घुमत होत्या.

"त्या जीपमधली कॅसेट कुनाची?" दादासो गरजले.

सिद्धूनं प्रबुद्धकडं बघितलं. प्रबुद्धनं हात जोडले. सिद्धू म्हणाला, "पाखरांची."

"आप्पा," माया मध्येच म्हणाली, "त्याला मारू नगा. मला त्योच पायजे."

दादासोंनी प्रबुद्धकडं बोट केलं.

"आन हे पाव्हणं?"

"हे गुणाचे हायेत. पर आमच्यात बसले तवा बशीच वाजत हुती, तोंड न्हाई. त्या गान्यातला मानूस फाट्यावर उतरवला तरी हसतोय. मी जीपमदी रोज ऐकते. माजं पाठ झालंय."

प्रबुद्ध हबकला. म्हणजे ज्या गाण्यामुळं माया जाईल म्हणून त्यानं कॅसेटी फोडू दिल्या, त्याच गाण्यावर माया भाळली होती! आणि आता पुराव्याला कॅसेट म्हणावी तर उरलेली एक केरबाच्या जीपमध्ये आणि बाकी सगळ्या शाळवावर लोंबत होत्या. गप्प बसलं तर माया गेली, बोललं तर तंगडं गेलं. त्यानं मायाकडं बघितलं आणि मनाशी म्हटलं, गेलं तर गेलं तंगडं.

"मागं सरका, मागं सरका, मागं लय जागा..."

मायाचे डोळे मोठे झाले. दादासोंचेही झाले, पण वेगळ्या तऱ्हेनं. 'बेल मारली दोन' म्हणेपर्यंत भीतीनं प्रबुद्धचे शब्द एकमेकांवर आदळले आणि पुढचं आठवेना. मायानं हळूच सांगितलं, "शिरवळला..."

"शिरवळला उतरिवला त्यो गडी कोन?"

दादासो पुढं आले. त्यांनी खिशात हात घातला. प्रबुद्धनं डोळे मिटून घेतले.

टिक टिक. टिक, टिक-टिक.

चिमटा वाजत होता. शांत, एका लयीत, वरच्या फितींच्या गुणगुणीत मिसळून.

"आता म्हन," दादासो म्हणाले. "ह्यावर म्हन. बेल मारलीपाशी तुजा ठेका चुकतोय."

"मामा... तुमी रागावला न्हाई?"

"रागावू न्हाई तर काय करू? मी आमच्या गायनपार्टीत ढोलकी वाजवतो. त्यादिशी बी तितंच चुकत हुता. शिरवळपर्यंत सोसलं रं मी. म्होरं घाट हुता, डायव्हर बी चुकला असता."