कप्तान जळाला त्याचे काय झाले?

शहाण्णव सालच्या जूनमध्ये सांगलीच्या एका कालवा कचेरीतले वरिष्ठ कारकून श्री. सुमंत आगाशे यांच्यावर घोर अन्याय झाला. तो असा, की 'सूरज पर धावा' या इंग्रजी चित्रपटाचा भाग दोन हिंदीत थेटरात लागला आणि त्यांनी तो पाहिला.

पहिल्या भागावर आगाशांचा जीव होता. पृथ्वी वाचवण्यासाठी त्या गोऱ्या कप्तानाने आपले यान थेट सूर्यात घातले, तेव्हा आगाशे ढसाढसा रडले होते. सात वेळा पाहिला, सातही वेळा रडले. सख्ख्या काकांच्या तेराव्याला डोळ्यांत टिपूस नव्हते. आणि दुसऱ्या भागात तोच कप्तान पहिल्याच दृश्यात पावाला लोणी लावत बसलेला! जळाला होता त्याचे काय झाले, याबद्दल कुणी ब्रसुद्धा काढला नाही. वर तेच यान, तीच मोहीम, आणि 'इतिहासात प्रथमच' म्हणून पुन्हा निरोपसमारंभ. पब्लिक शिट्ट्या मारत होते.

आगाशे तडक थेटरचे मॅनेजर नानासो यांच्यापुढे उभे राहिले.

"अहो, तो मेला होता!"

"कोण?" नानासो दचकून उठले.

"कप्तान! पहिल्या भागात."

"व्हय? मग बरंच झालं की. आता जित्ता हाय न्हवं?"

"पण कसा? मी रडलोय त्याच्यासाठी!"

"आवं सायेब, मागचा भाग कुणाच्या ध्यानात ऱ्हातोय?" नानासोंनी समजूत घातली. "सोडा देऊ का थंडगार?"

आगाशांनी सोडा नाकारला आणि सरकारदरबारी चार पानी अर्ज केला. त्या मरणाला काही किंमत होती की नव्हती, एवढेच त्यांना लेखी हवे होते. वरच्या एका कचेरीतून पंधरा दिवसांत उत्तर आले: मयत इसमाचा मृत्यूचा दाखला जोडलेला नाही, तसेच घटनास्थळ, म्हणजे सूर्य, कोणत्या तालुक्यात मोडतो याचा खुलासा व्हावा.

आगाशे चिडले. त्यांनी फणकाऱ्याने लिहिले, 'सूर्याचा कायम मुक्काम आटपाडी तालुक्यात असतो, हे सर्वांस ठाऊक आहे.' वरच्या कचेरीने खुलासा ग्राह्य धरला. आटपाडीच्या उन्हाचे नि दुष्काळाचे सगळे अर्ज कालवा कचेरीकडे जात, तिथे ते आगाशांच्या टेबलावर पडत. आठवड्याने आगाशांचा अर्ज पुढील कार्यवाहीसाठी आगाशांकडे आला.

त्या वेळी समोर आटपाडीकडचा आकाराम बसला होता. कालव्याच्या पाण्यासाठी अर्ज घेऊन दर महिन्याला यायचा. आगाशांनी त्याच्यापाशी मन मोकळे केले. सूर्य, यान, लोणीपाव, सगळे सांगितले.

आकारामने शांतपणे ऐकून घेतले. मग पिशवीतून कागद काढला. "सायेब, हे तुमचंच पत्र. एकोणनव्वद साली कालव्याचा पहिला भाग पुरा झाला म्हंतंय. आन् आता दुसऱ्या भागाची मोजणी लागलीया, ती बी पहिल्या भागाच्याच दगडापासनं. मदी पाणी कवा आलं?"

"ते वेगळं आहे," आगाशे म्हणाले. "तो टप्पा आहे. हा टप्पा आहे."

"व्हय. पर माझा बा पहिल्या भागात गेला, सायेब. त्याच कालव्यावर दरड पडून. दुसऱ्या भागात त्यो काय मला पाव खाताना दिसला न्हाई."

आगाशांनी ते पत्र दोनदा वाचले. पण हाताला सवय होती. आटपाडीच्या अर्जांना देण्यासाठी त्यांनीच सात वर्षांपूर्वी मजकूर बांधून उत्तरे छापून घेतली होती. हात आपोआप खणात गेला आणि दोन बाहेर निघाली. 'भाग एक पूर्ण झालेला असून भाग दोनचे काम प्रगतिपथावर आहे. मागील भागाचा विचार करण्याचे प्रयोजन नाही. सबब अर्ज निकाली.' एक आकारामला दिले. दुसऱ्यावर स्वतःचे नाव घातले, सही केली आणि स्वतःच पोच घेतली.

दिवाळीनंतर भाग दोनचे भूमिपूजन झाले. मांडव गच्च भरला होता. त्याच दगडावर नारळ फुटला, 'इतिहासात प्रथमच' असे भाषण झाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आकाराम तेवढा हात बांधून उभा होता. टाळ्या वाजवणाऱ्यांत तुम्हीही होतात, चांगले तिसऱ्या रांगेत. आठवत नाही म्हणता? असू द्या. सोडा घ्या थंडगार.