सारथी, घोडे आणि चाकं

"जावईबापू, सारथी म्हणजे नेमकं कोण हो?"

मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, हातातला घास ताटात परत ठेवून विचारलं. दुपारीच पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात, सगळ्या कामगारांसमोर, जावयाने छाती फुगवून म्हटलं होतं, "मामा म्हणजे आपल्या कारखान्याचे सारथी!" टाळ्याही कडकडून पडल्या होत्या. मामा आता थकले होते. आपली खुर्ची मुलाला द्यायची की जावयाला, हे ते आज जेवताना सांगणार होते.

"सारथी म्हणजे ड्रायव्हर, बाबा," मेहुण्याने तत्परतेने माहिती पुरवली. "जुन्या काळचा."

"तसं नव्हे, मामा! एखाद्या कामाचं सारथ्य करणं म्हणजे ते पुढे नेणं. मोठ्या मानाचा शब्द आहे."

"असेल. पण रथ कोणाचा? हाकणाऱ्याचा की मागे बसणाऱ्याचा?"

"मागे बसतो तो... रथी."

"म्हणजे मी हाकायचं आणि तुम्ही मागे बसायचं!"

"छे हो, तुम्ही तर महारथी!"

"मग दुपारी काय जीभ टाळ्याला चिकटली होती?"

टेबलाखालून बायकोने त्याचा पाय दाबला. "अहो, आता तरी गप्प बसा."

तेवढ्यात दारावर थाप पडली. कामगारांचा पुढारी होता. मागे चार-पाच जण, आणि सगळ्यांचे चेहरे रागाने फुगलेले.

"मालक सारथी, ठीक आहे," पुढारी म्हणाला. "मग रथ ओढणारे घोडे कोण? आम्हीच ना? उद्या सकाळपासून घोडे जागचे हलणार नाहीत."

उद्याच मोठी ऑर्डर पाठवायची होती. जावई ताटावरून लगबगीने उठला. "अहो, तुम्ही घोडे कसे? तुम्ही तर रथाची चाकं!"

"चाकं? म्हणजे चिखलातही आम्हीच!" म्हणत मंडळी तरातरा निघून गेली.

मामांनी कपाळाला हात लावला. "सकाळी यांच्याशी बोलायला कोण जातंय?"

मेहुण्याची दाढ एकाएकी ठणकू लागली.

"ज्यांनी शब्द काढला त्यांनीच निस्तरावं," मामा जावयाला म्हणाले. "काम सुरू झालं तर खुर्ची तुमची. नाहीतर मला तोंड दाखवू नका."

सकाळी कारखान्यात सगळी यंत्रं थंड पडली होती. जावयाने बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. नवा शब्द काढायची छातीच होईना. पुढारी घोड्यांवरून सुरू झाला, गळक्या छपरावर आला, बंद पंख्यांवर आला, आणि शेवटी कापायच्या यंत्राच्या तुटक्या जाळीवर. परवा त्यात एकाचं बोट थोडक्यात वाचलं होतं. जावई नुसती मान हलवत होता. जाळीचं ऐकल्यावर मात्र तो उठला, त्याने यंत्रापाशी जाऊन वाकून पाहिलं आणि मुकाट्याने मिस्त्रीला बोलावण्याची खूण केली.

नवी जाळी बसली, आणि दुपारच्या आत यंत्रं खडखडू लागली.

संध्याकाळी पुढारी आपणहून घरी आला. "मालक, तुमचा जावई म्हणजे लाख माणूस! सगळं ऐकून घेतलं, वर एक शब्द बोलला नाही."

मामांनी किल्ल्या जावयाच्या हातावर ठेवल्या. तो पुन्हा छाती फुगवून उभा राहिला. "मामा, या प्रसंगी मला दोन शब्द..."

"नको!" मामा, पुढारी आणि बायको एकदमच ओरडले.