धडा पाठ झाला

इन्स्पेक्टर भीमसेनराव शाळा तपासायला येणार म्हणून सेतुमाधव मास्तर आठवडाभर वर्गाकडून एकच धडा घोकून घेत होते. तंजावुरात त्या वर्षी मुलांना दारूचे तोटे शिकवायचा हुकूम निघाला होता. सरकार एका हाताने ताडीच्या दुकानांचा लिलाव करी आणि दुसऱ्या हाताने हे धडे वाटी. धडा इन्स्पेक्टरला पटला, तर मास्तर हेडमास्तर होणार; नाहीतर जन्मभर पाढे म्हणवून घेत बसायचं.

मास्तरांनी शक्कल काढली. पाहुण्याला ताडाचा गोड रस पाजायचा आणि सांगायचं, ताडी सोडा, हा प्या. पण ताडी काढणाऱ्याचं मडकं सोवळ्यातल्या माणसाला कसं चालेल? म्हणून त्यांनी घरच्या कोऱ्या मडक्याला आतून चुना फासला. चुना असला की रस गोड राहतो; नसला की दुपारपर्यंत त्याची ताडी होते. सगळं झालं, फक्त बायकोला सांगायचं राहिलं.

"अइयो, असल्या पुटं चढलेल्या मडक्यांत इन्स्पेक्टरास पाजणार?" म्हणत चंद्रमतीबाईंनी ते काथ्याने आतून लख्ख घासलं. मास्तरांनी आत न बघताच ते ताडावर पाठवलं.

सकाळी रस आला. इन्स्पेक्टर उगवले ते उन्हं चांगली तापल्यावर. घामाघूम झालेल्या भीमसेनरावांनी भरल्या वर्गासमोर एक पेला घेतला, मग दुसरा, मग तिसरा.

"काय गोडी हो मास्तर!" म्हणून ते एकटेच खुदकन हसले.

मागच्या बाकावरून एका पोराचा आवाज आला, "दारू चढल्याचं पहिलं लक्षण! कारण नसतां हसणें!"

भीमसेनरावांनी मास्तरांच्या गळ्यात हात टाकला.

"दुसरं! परक्याच्या गळ्यांत पडणें!" आता निम्मा वर्ग ओरडला.

"काय सांगूं सेतुमाधवा, घरांत मला कोणी विचारीत नाहीं..."

"तिसरं! घरचीं गाऱ्हाणीं चव्हाट्यावर!"

मास्तरांनी मडक्यात नाक घातलं, तर आंबूस वास, आणि चुन्याचा पत्ताच नाही. गेली हेडमास्तरकी! बिचाऱ्यांना रडायचंच काय ते बाकी राहिलं. इतक्यात इन्स्पेक्टर कसेबसे ताठ उभे राहिले.

"शाबास! मी प्यालों नाहीं रे. तुमची परीक्षा घ्यावया सोंग केलें."

"चौथं! प्यालोंच नाहीं म्हणणें!"

"धडा उत्तम!" इन्स्पेक्टर टेबल धरून गरजले. "सेतुमाधवा, आजपासून तूंच हेडमास्तर!"

मास्तरांच्या जिवात जीव आला. तेवढ्यात सगळी पोरं पुन्हा उठली.

"पाचवं लक्षण, सार! वाटेल त्यास वाटेल तें देऊन टाकणें, आणि उद्यां सारें विस..."

"खाली बसा!" मास्तर किंचाळले. बरोबर उत्तर देणाऱ्या वर्गाला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच छडी दाखवली.